कोट काढून या

मीरा, ओम,

गेल्या रविवारी फोनवर मीरा म्हणाली, "आजी, मी कॉलेजला न्यूट्रिशन घेतेय." मला फार आनंद झाला. तेवढ्यात मागून ओमचा आवाज आला, "म्हणजे आजीसारखी हॉस्पिटलच्या किचनमध्ये!" तुम्ही दोघं हसलात. तुमचा बाबाही हसला. मीही हसले.

फोन ठेवला, पण ओमचं ते वाक्य डोक्यातून जाईना.

यात ओमचं काही चुकलं नाही. आपल्या घरात हेच सांगितलं गेलं आहे. आजी हॉस्पिटलच्या किचनमध्ये होती. मी ते कधी खोडलं नाही. खोडायचं तर सगळं सांगावं लागलं असतं, आणि सांगायची मला लाज वाटत होती. अजून वाटते. पण आता मीरा त्याच कामाला निघाली आहे. तिला कुणी काही म्हणायच्या आधी मला काय म्हणाले ते तिला ठाऊक असावं. म्हणून लिहिते.

भिवंडीतलं एक खासगी हॉस्पिटल. दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं. हॉस्पिटलचा नवा आयसीयू सुरू होणार होता. फीत कापायला पाहुणे आले होते. पॉवरलूमचे मालक, नगरसेवक, ठाण्याचे डॉक्टर. आम्ही सगळे कर्मचारी रांगेत उभे. मी पांढरा कोट घातला होता. इस्त्री पहाटेच उरकली होती, कारण नंतर लाइट जायची.

हॉस्पिटलचे मालक स्वतः सर्जन होते. सगळे त्यांना मोठे डॉक्टर म्हणत. वयाने माझ्यापेक्षा बरेच लहान. ते पाहुण्यांना एकेकाची ओळख करून देत पुढे येत होते. हे आमचे भूलतज्ज्ञ. या आमच्या सिस्टर इन्चार्ज. हे फार्मासिस्ट. मग माझ्यापाशी आले. मी नमस्काराला हात उचलले.

"आणि या आमच्या मावशी. यांच्या हातचा शिरा खाल्ल्याशिवाय कुणी जायचं नाही हं!"

सगळे हसले. एक पाहुणा म्हणाला, "वा मावशी, वास तर मघापासून येतोय."

मग डॉक्टर माझ्याकडे वाकले. हळू, अगदी प्रेमाने म्हणाले, "कोट काढून या. वाढताना डाग पडतील."

मी कोट काढला. किचनमधल्या खिळ्याला अडकवला. बाहेर येऊन शिरा वाढला. "अजून घ्या ना," असंही म्हणाले. ते "अजून घ्या ना" मला आजही ऐकू येतं. ते कुणी माझ्याकडून म्हणवून घेतलं नव्हतं.

तुम्ही दोघं परदेशात वाढलात, म्हणून मावशी या शब्दाचं सांगते. तुमच्यासाठी मावशी म्हणजे आईची बहीण. हॉस्पिटलात तसं नसतं. तिथे डॉक्टर म्हणजे सर. नर्स म्हणजे सिस्टर. आणि जी लादी पुसते, बेडपॅन उचलते, रक्ताच्या चादरी गोळा करते, ती मावशी. नात्याचा शब्द आहे, त्यामुळे कुणाला तक्रार करता येत नाही. आईची बहीण म्हणून हाक मारली की कामाच्या जागी तिला खुर्ची द्यावी लागत नाही.

आणि मी वयाने मोठी. म्हणजे शब्दाला सबब पण होती.

माझं माहेर भिवंडीजवळच्या मानकोलीच्या बाजूचं, आगरी. खाडीकाठची भातशेती. घरात "हाय" आणि "न्हाय". बापाने हट्टाने मला ठाण्याला, नन्सच्या इंग्रजी शाळेत घातलं. तिथे मी "न्हाय" म्हटलं की वर्ग हसायचा. मी जीभ घासून घासून साफ केली. मग मुंबईला गृहविज्ञान, त्याच्यापुढे आहारशास्त्राची पदव्युत्तर पदविका, मोठ्या सरकारी रुग्णालयात उमेदवारी. जळालेल्या माणसाला किती प्रथिनं लागतात, नळीतून पोटात काय आणि किती वेगाने सोडायचं, मूत्रपिंड थकलेल्याला कुठली भाजी चालते, हे सगळं इंग्रजीतून शिकले, इंग्रजीतून परीक्षा दिली. लग्नानंतर सासरी एकजण म्हणाले होते, "एवढं शिकून शेवटी भाजीच चिरायची ना?" तेव्हाही मी हसले होते. मला हसायची सवय फार.

मुलं मोठी झाल्यावर या हॉस्पिटलात नोकरीला लागले. मोठ्या डॉक्टरांनी माझी प्रमाणपत्रं पाहिली, "उत्तम" म्हणाले आणि किचनच्या किल्ल्या हातात दिल्या. वॉर्डात मला टेबल नव्हतं. कांद्याबटाट्याच्या पोत्यांशेजारी एक स्टूल होतं. रोज भाज्या मोजून घ्यायच्या, चहा बघायचा, डॉक्टरांच्या मीटिंगला नाश्ता करायचा. त्यातून वेळ उरला की पेशंटकडे जायचं. राउंडला मला कुणी बोलावत नसे. मी आपली मागून जायची.

त्या समारंभानंतर काळूराम मला असाच मागून जाताना भेटला. अंबाडीच्या पुढे डोंगराकडे एक पाडा आहे, तिथला. मानकोलीच्या गोदामात गठ्ठे उचलायचा. साखरेचा आजार, पायाला जखम, ती चिघळलेली. जखमेसाठी मोठ्या डॉक्टरांकडे दाखल. पण रिपोर्ट पाहिले तर मूत्रपिंडंही थकत आलेली, आणि रक्तातलं पोटॅशियम वरच्या कडेला.

पोटॅशियम म्हणजे एक क्षार. मूत्रपिंडाने तो बाहेर टाकला नाही तर रक्तात साठतो आणि हृदय बंद पाडू शकतो. आणि तो भरपूर कशात असतो? शहाळ्याच्या पाण्यात.

आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जायचं तर शहाळं न्यायचं. रिकाम्या हाताने कोण जातं? हॉस्पिटलच्या गेटवरच शहाळ्यांचा ढीग असायचा. गोदामातली माणसं काळूरामला बघायला यायची, प्रत्येकाच्या हातात शहाळं. गरीब माणसं, स्वतः कधी पीत नसतील. त्याच्या कॉटखाली शहाळी लवंडलेली असायची.

त्याची बायको जनी कॉटशेजारी खाली बसलेली असे. मी तिला समजावून सांगितलं. शहाळं द्यायचं नाही. भाजी चिरून पाण्यात ठेवायची, ते पाणी फेकायचं, मग शिजवायची. ती ऐकत होती, मान हलवत होती. शहाळी तिने स्वतःच पिशवीत भरायला घेतली.

तेवढ्यात राउंड आला.

"काय चाललंय? शहाळी कुठे चालली?"

मी म्हणाले, "सर, याचं पोटॅशियम..."

"अहो मावशी," ते हसले. बरोबरचे दोन ज्युनिअरही हसले. "तुम्ही किचन बघा. माणसाचं तोंड सुकलंय. शहाळं म्हणजे पाणीच. पिऊ द्या त्याला." आणि जनीला म्हणाले, "ये मावशी है किचनवाली. घाबरू नको. पाज."

मी वॉर्डातून बाहेर पडले. दुपारच्या डाळीला फोडणी द्यायची होती. मी फोडणी दिली.

दोन दिवसांनी काळूरामचे हातपाय लुळे पडले. नाडी मंद झाली. धावपळ झाली, इंजेक्शनं दिली, मग डायलिसिससाठी ठाण्याला हलवायचं ठरलं. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत जनी जिन्यात बसली होती. मी तिच्याजवळ गेले. काय बोलणार होते कोण जाणे. तीच बोलली. आवाजात राग नव्हता, रडणंही नव्हतं.

"बाय, तू सांगलं ते मना समजलं व्हतं. मी बांधली व्हती ना शहाळी. पन डाक्टर बोलला, ती मावशी हाय. मंग मी म्हनलं, मावशीचं काय ऐकाचं? डाक्टरचं ऐकलं."

एवढंच.

मीरा, ओम, तोवर मला वाटायचं, अपमान माझा होतो. मी गिळते, विषय संपतो. घरी जाऊन वरणभात करते, झोपते. माझ्या मानापमानाशी दुसऱ्या कुणाला काय देणंघेणं? त्या जिन्यात कळलं की मी गिळला तो अपमान त्या माणसाच्या रक्तात गेला होता. डॉक्टरांनी मला एका शब्दाने खाली बसवलं आणि माझ्याबरोबर माझं सांगणंही खाली बसलं. जनी अडाणी नव्हती. हॉस्पिटलात कुणाचं ऐकायचं असतं ते तिने बरोबर ओळखलं होतं.

काळूराम त्या वेळी वाचला. काही महिन्यांनी गेला. शहाळ्याने मेला असं मी म्हणणार नाही. मूत्रपिंडं आधीच जात आली होती. पण त्या दोन दिवसांत मी दुसऱ्यांदा वॉर्डात गेले नव्हते. मला पुन्हा कुणी हसायला नको होतं, म्हणून.

काळूरामला ठाण्याला नेलं त्या संध्याकाळी मी किचनमध्ये स्टुलावर बसून रडले. शांता भांडी न्यायला आली. शांता म्हणजे खरी मावशी, वॉर्डाची लादी पुसणारी. "काय झालं बाई?" मी भडाभडा बोलले. सगळ्यांसमोर मावशी म्हणतात मला, मी एवढी शिकलेली, मला मावशी म्हणतात.

ती पातेलं उचलता उचलता थांबली. "आम्हाला रोज म्हणतात की. तुम्ही पण म्हणता. मी तुमच्याहून दहा वर्षांनी लहान असेन."

पातेलं घेऊन गेली. वर्गात "न्हाय" म्हटल्यावर वाटली होती, तशी लाज मला तेव्हा वाटली. डॉक्टरांनी जी उतरंड बांधली होती, तिच्यात मला फक्त वरची पायरी हवी होती. खालच्या पायरीवर कोण उभं आहे, ते मी बघितलंच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मोठ्या डॉक्टरांनी केबिनमध्ये बोलावलं. समोर दोन बाहेरचे डॉक्टर बसलेले. "मावशी, रविवारी आमची मीटिंग आहे. तुमचा तो शिरा होऊन जाऊ दे."

"मी शिरा करणार नाही."

त्यांना आधी गंमत वाटली. "का हो? रवा संपला?"

"रवा आहे. मी इथली आहारतज्ज्ञ आहे. मीटिंगचा नाश्ता बाहेरून मागवा."

"अरे बापरे! मावशी रागावल्या वाटतं."

"मावशी म्हणू नका."

मी खुर्चीची पाठ धरली होती. बसा असं कुणी म्हटलं नव्हतं.

"पेशंटसमोर माझं सांगणं तुम्हाला चुकीचं वाटलं तर खोडा. पण कारण देऊन खोडा. मावशी म्हणून खोडू नका. काळूरामचं पोटॅशियम मी तुम्हाला सांगत होते, तुम्ही वाक्य पुरं होऊ दिलं नाही."

आता ते हसत नव्हते. "अहो, वयाने मोठ्या आहात. मान देतो तुम्हाला."

"मान नको. हुद्दा द्या."

बाहेरच्या डॉक्टरांपैकी एकाने चष्मा पुसायला घेतला. मोठे डॉक्टर म्हणाले, "किचनला मग दुसरी बाई बघावी लागेल."

"बघा. मी वॉर्डात असेन."

दुसऱ्या दिवशी मी कोट घालून राउंडला उभी राहिले. मागे नाही, सिस्टर इन्चार्जच्या शेजारी. कुणी बोलावलं नव्हतं. कुणी हाकललंही नाही. मोठ्या डॉक्टरांनी माफी मागितली नाही आणि मला आहारतज्ज्ञ असं एकदाही म्हटलं नाही. त्या दिवसापासून त्यांनी मला कुठल्याच नावाने हाक मारली नाही. "जरा डाएटचं बघा" असं भिंतीकडे पाहून म्हणायचे. मी बघायची. आणि पेशंटच्या घरच्यांना आता माझ्या माहेरच्या बोलीत सांगायची, मोठ्याने, राउंडला ऐकू जाईल असं: "शहाळा न्हाय द्याचा. मी या हास्पिटलची आहारतज्ज्ञ हाय, मी सांगतंय." वर्ग पुन्हा हसला तर हसू दे.

शांताला मी शांताबाई म्हणू लागले. तिला त्याचं फार काही वाटलं नाही. "म्हणा काय म्हणायचं ते," म्हणाली.

गावाकडच्या बायका मला अजून मावशी म्हणतात. त्यांनी म्हणावं. मी काय शिकले ते त्यांना माहीत असतं किंवा नसतं, पण त्या प्रेमाने म्हणतात आणि सांगितलेलं ऐकतात. माझं शिक्षण ज्याला पुरतं ठाऊक आहे आणि तरी जो मला खाली बसवायला तो शब्द वापरतो, त्याला मी तो वापरू देणार नाही.

मीरा, तुलाही कुणीतरी म्हणेल. तुझ्या देशात शब्द वेगळा असेल, हसणं तेच असेल. तू लगेच हसू नकोस. तुझ्यामागे कॉटवर कोण झोपलं आहे, ते आधी बघ.

आणि ओम, यापुढे कुणी विचारलं तर असं सांग: माझी आजी आहारतज्ज्ञ आहे. होती नव्हे. आठवड्यातून तीन सकाळी मी अजून डायलिसिसच्या पेशंटना बघते, दुसऱ्या एका हॉस्पिटलात. तिथे मला टेबल आहे. शिरा मी घरी करते, तुम्ही आलात की करते.

कोट तोच आहे. खांद्याची शिवण उसवली होती, मीच शिवली. कुणाला वाढायला म्हणून तो मी पुन्हा काढलेला नाही.