दार नोको उघडू

"दार नोको उघडू."

प्रयोगशाळेत पाऊल टाकलं की सरांचं पहिलं वाक्य हेच. डोळे मायक्रोस्कोपमध्ये, पाठ आमच्याकडे. कुणी इन्क्युबेटरजवळ नुसतं उभं राहिलं तरी त्या पाठीला कळायचं. "कायले उघडतेस? थंडी वाजते त्याईले."

'त्याईले' म्हणजे डुकराच्या अंडपेशींना. त्या बाहेर काढून, इन्क्युबेटरच्या उबेत पिकवून त्यांचे गर्भ तयार करायचे, हे आमचं काम. आपल्याकडची काळी गावठी डुकरं कमी होत चालली आहेत, हे जमलं तर वाण राहील, असं सर म्हणायचे. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. चोरखमारा तलावाच्या पाण्यावर धान करणाऱ्या माझ्या बाबांना मी हे समजावून सांगितलं. ते म्हणाले, "डुकरं कवापासून अंडे देऊन राहिली?" गावात त्यांनी पोरगी जनावरांच्या दवाखान्यात आहे एवढंच सांगितलं. मी मात्र विचारेल त्याला सगळं सांगायची. शिकून मिळवलेलं काम, लपवायचं कशाला?

तुम्ही त्या वर्षांत गोंदिया-तिरोडा बसने गेला असाल तर सरांना पाहिलंही असेल. शर्टाच्या आत पोटाशी थर्मास धरलेला, वरून दोन्ही हात. थर्मासात कोमट मिठाचं पाणी आणि त्यात बाजारात कापलेल्या माद्यांची अंडाशयं. गार झाली की संपली. शेजारचा प्रवासी हटकून म्हणायचा, "भाऊ, एकटेच चहा पिता का?" सर गंभीरपणे सांगायचे, "अजून शिजला नाही जी."

प्रयोगशाळेच्या खिडकीतून वीजप्रकल्पाच्या चिमण्या दिसायच्या, आणि आमची लाइट जायची. लाइट गेली की सर घरून आणलेली गोधडी इन्क्युबेटरवर घालायचे आणि तिथेच खुर्ची टाकून बसायचे. तेव्हा तर जवळून चालायचीही चोरी.

खरी अडचण मोठी विचित्र होती. डुकराची अंडपेशी बाहेर पिकते, पण अर्धवट. तिचं केंद्र तयार होतं, भोवतालचा गर कच्चा राहतो. मग एकाच्या जागी तीन-चार शुक्रजंतू आत घुसतात आणि सगळं वाया जातं. सर म्हणायचे, "वरून पिवळा, आतून पांढरा. असा आंबा कोण खाईल?" आम्ही ज्या द्रावणात पेशी ठेवायचो ते बदलून पाहिलं, त्यात अंडाशयातलंच पाणी घातलं, संप्रेरकं अर्ध्या वाटेत काढून घेतली. कित्येक महिने नुसती घाण ओतून टाकत होतो. मग एकदा अंडपेशींभोवतीचा बारीक पेशींचा ढग छान फुलला, आतला गरही पिकला. त्यातून धडधाकट गर्भ तयार झाले. सरांनी मायक्रोस्कोप सोडून माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ते हसले की त्यांचे डोळे पार मिटतात.

ते गर्भ आम्ही मागच्या शेडमधल्या एका मादीच्या पोटात सोडले. सर तिला काळी म्हणायचे. पुन्हा माजावर यायचे दिवस आले आणि गेले, काळी शांत होती, म्हणजे गाभण असणार. मी म्हटलं, सर, सोनोग्राफीचं मशीन मागवू, पाहून घेऊ. त्यांनी मान हलवली. "कायले घाई? पुढच्या आठवड्यात. दार नोको उघडू."

पुढच्या आठवड्यात डुकरांचा ताप आला.

जवळच्या वस्तीत एकामागून एक जनावरं मेली, तपासणीत तोच रोग निघाला, आणि वस्तीभोवती आखलेल्या घेऱ्यातली सगळी डुकरं मारून पुरायचा आदेश आला. आमची शेड घेऱ्याच्या आत होती. काळीला काहीच झालं नव्हतं. त्याला अर्थ नव्हता.

पांढरे पोशाख घातलेली माणसं आली तेव्हा काळी कोपऱ्यात जाऊन बसली, कुणालाच जवळ येऊ देईना. शेवटी सर कोंड्याची मूठ घेऊन पुढे झाले. त्यांनी हाक मारली तशी ती उठून आली आणि त्यांच्या हातातलं खात असतानाच त्या माणसांतल्या एकाने तिला सुई टोचली. सरांनी हात मागे घेतला नाही. तिचं तोंड त्यांच्या तळव्यावरच टेकलं.

जेसीबीने खड्डा खणून ठेवला होता. चुन्याची पोती उघडली होती. मेलेलं जनावर उघडायचं नाही, रक्ताने रोग पसरतो, हा नियम मलाही पाठ होता. तरी मी सरांजवळ जाऊन म्हणाले, "सर, एकदाच पाहू, गर्भ राहिलेत का. पोटच तेवढं." पथकातला तरुण डॉक्टर आमच्याच कॉलेजचा. त्याने ऐकलं, आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. तेवढा वेळ त्याने आम्हाला दिला होता.

सरांनी काळीच्या पोटावर हात ठेवला. ऊब असेल अजून.

"नोको उघडू," ते म्हणाले.

मग चुना पडला.

बाजार बंद झाला, अंडाशयं मिळेनात, प्रकल्प आटोपला. सरांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि तिरोड्याजवळच्या आपल्या गावी गेले. उन्हाळ्यात मी भेटायला गेले. ओसरीच्या कोपऱ्यात आंबे पिकत घातले होते, वर धानाची तणीस, म्हणजे पेंढा. सर त्या ढिगापाशीच बसले होते. तणसीत हात घालायचा, आंबा काढायचा, अंगठ्याने दाबायचा, पुन्हा ठेवायचा. माझा चहा अर्धा व्हायच्या आत त्यांनी तीनदा तरी ढीग उसकटला.

"दिवसभर हेच करून राहिले," काकू दारातून म्हणाल्या. "एक आंबा पिकू देत नाहीत."

काकू आत गेल्या. सरांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "काय वाटते तुले? असतील?"

काय, ते मी विचारलं नाही. "असतील, सर."

त्यांनी मान डोलावली. आणि पुन्हा तणसीत हात घातला.