गॅरेजमधला ओटा

फोरमनकाकांच्या हातात कुठलंही ड्रॉइंग पडलं की ते चष्मा कपाळावर सरकवायचे आणि पहिला प्रश्न विचारायचे, "इथे उभं कोण राहणार?" कागदावर यंत्र असायचं, माणूस नसायचा, आणि काकांना आधी माणूस हवा असायचा. तो उंच की बुटका, डावखुरा आहे का, दिवसातून किती वेळा वाकणार, हे कळल्याशिवाय ते पेन्सिल उचलत नसत. काम घेऊन आलेला माणूस घाईत असला तर मनातल्या मनात चडफडायचा. काका शांतपणे म्हणायचे, "जो भाई, बघ, मशीन काय, कुठेही उभं राहील. कंबर दुखणार ती माणसाची."

बडोद्याला मकरपुऱ्याकडच्या एका कारखान्यात, साचे आणि हत्यारं बनवणाऱ्या खात्यात ते फोरमन होते. नव्वदीच्या त्या वर्षांत कारखान्यांनी माणसं कमी करायला घेतली तेव्हा काकांनीही स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सही केली, आणि महिन्याभरात घराच्या गॅरेजमध्ये एक जुना लेथ आणून बसवला. गॅरेज बांधलं होतं मोटारीसाठी. मोटार काही आली नाही. आम्ही त्यांच्या वरच्या मजल्यावर भाडेकरू. माझं नवीन लग्न झालेलं, माहेर सांगलीचं, नवरा बाजव्याकडे रिफायनरीत शिफ्टवर. त्यामुळे माझा दिवस खाली काकूंच्या स्वयंपाकघरात जायचा आणि भिंतीपलीकडे लेथची घरघर चालू असायची.

काकांची भाषा कारखान्यातच घडलेली. चांगल्या गोष्टीला 'पास', वाईट गोष्टीला 'रिवर्क', आणि तिसरी प्रतवारी त्यांच्याकडे नव्हती. तरुणपणी पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर काम करून निम्मं ऐकू येणं गेलं होतं, म्हणून बोलणं सगळं गल्लीला ऐकू जाईल असं. माझ्या हातची पहिली पुरणपोळी खाऊन ते "रिवर्क!" म्हणाले तेव्हा समोरच्या पटेलांच्या ओसरीवरची माणसं वळून बघायला लागली होती. मला रडू आलं होतं. दुसऱ्या खेपेला 'पास' मिळालं तेही तेवढ्याच आवाजात, म्हणून मी त्यांना माफ केलं.

काकांना दोन गोष्टी जमत नसत. बाहेरचं खाणं आणि घरातलं करणं. पोटात अल्सर, त्यामुळे तेलकट खाल्लं की दोन दिवस आडवे. आणि काकू असताना त्यांनी कधी चहासुद्धा केला नव्हता. हे सगळं वर्षानुवर्षं सुखाने चाललं असतं, पण अमेरिकेहून मेधाचा फोन आला. मेधा म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. तिला दिवस गेले होते.

ही बातमी ऐकून काकू हसल्या नाहीत. देवापुढे जाऊन बसल्या. मेधाचं पहिलं मूल सातव्या महिन्यात गेलं होतं, तेव्हा ती तिकडे एकटी होती आणि काकू इथे. ते काकूंनी स्वतःला कधी माफ केलं नव्हतं. या वेळी सहावा लागायच्या आत तिच्याजवळ पोचायचंच होतं. व्हिसा झाला. पण तिकिटाचं नाव निघालं की काकू विषय बदलायच्या.

"तिकडे मी लेकीकडे बघू, की इकडे यांच्या पोटाकडे?" त्या मला म्हणाल्या. "मेसचं खाऊन हे आडवे झाले तर कळवणार कोण? हे तर कळवायचे नाहीतच."

मी म्हटलं, डबा मी देईन. काकांनी ते ऐकलं, म्हणजे मला तेवढं ओरडून सांगावं लागलं. "छे छे, सूनबाई," ते म्हणाले. "तुझ्याकडून भाडं घेतो ते पुरे. वर डबा घेतला तर भाडं कुठल्या तोंडाने मागू? मी शिकतो."

तीन दिवस ते काकूंच्या स्वयंपाकघरात शिकले. म्हणजे ते ओट्यापाशी उभे राहायचे आणि काकू मागून "अहो, सरका" म्हणत सगळं स्वतःच करून टाकायच्या. तिसऱ्या दिवशी काकांनी चिमटा खाली ठेवला. "इथे मी पाहुणा आहे," ते म्हणाले. "पाहुण्याला काम शिकता येत नाही. मला नाही फावणार इथे. मी गॅरेजमध्ये मांडतो."

मग चार दिवस लेथ बंद आणि गॅरेजचं दार उघडं. मागच्या कोपऱ्यात लोखंडी अँगलचा सांगाडा उभा राहिला, त्यावर कडप्प्याची लादी बसली. ग्राइंडरच्या ठिणग्या आणि लोखंडाचा कीस तिकडे येऊ नये म्हणून मध्ये पत्र्याचा आडोसा. अंगणातल्या नळाची एक फांदी आत आली, खिडकीत पंखा बसला. भिंतीवर फळी ठोकून त्यावर झारा, पळी, चिमटा, लाटणं यांच्या पिवळ्या रंगात आकृत्या काढल्या, कारखान्यात पान्यांच्या काढतात तशा. झारा जागेवर नसला की नुसती पिवळी आकृती दिसायची आणि काका "झारा कोणी नेला?" म्हणून आरडाओरडा करायचे. तो बहुतेक त्यांच्याच हातात असायचा. समोरच्या पटेलांनी येऊन सगळं निरखून पाहिलं आणि विचारलं, "काका, हवे हॉटल खोलवानी छे के शूं?" काका म्हणाले, "आधी एक गिऱ्हाईक खूश होऊ दे."

गिऱ्हाईक म्हणजे काकू.

काकूंनी तोंडी सांगायचं, मी लिहून द्यायचं आणि काकांनी त्याचं कारखान्यातल्यासारखं पायरीवार जॉब कार्ड करायचं. 'चवीपुरतं मीठ' या शब्दांवर अर्धा दिवस गेला. "चवीपुरतं म्हणजे किती? चव कोणाची? कमी-जास्त किती चालेल?" शेवटी त्यांनी पत्र्याचा एक छोटा चमचा स्वतः बनवला आणि ते मोजमाप कायमचं ठरवून टाकलं. पण खरी अडचण पुढे आली. फोडणी रोज जळायची. काकू सांगायच्या मोहरी तडतडू द्या, आणि काका वाट बघत बसायचे. मोहरी तडतडून, काळी पडून, धूर होऊन जायचा, तरी काकांच्या मते अजून आवाज झालेलाच नसायचा.

हे आमच्या तिघांच्या लक्षात यायला पाच दिवस लागले. लक्षात आल्यावर काकू एवढ्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. काका हसले नाहीत. त्यांनी लांब दांड्याचा झारा कढईत टेकवला, दांडा बोटांत धरला, डोळे मिटले आणि मोहरी टाकली. लेथचं बेअरिंग बिघडलंय का ते असंच हाताने बघायचे. थोड्या वेळाने त्यांचा चेहरा उजळला. "आली! बोटांत आली!" कुकरच्या शिट्टीसमोर त्यांनी एक पत्र्याची पताका टांगली. वाफ आली की ती फडफडायची आणि काका कार्डावर रेघ ओढायचे. त्या दिवशीचं वरण मी खाल्लंय. खरंच चांगलं होतं.

मग काकूंनी परीक्षा ठरवली. आठ दिवस त्यांनी चुलीला हात लावायचा नाही, दोघांचं जेवण गॅरेजमधून येणार, काकांचं पोट ठीक राहिलं तर तिकीट. पहिले चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी सकाळी आमटी फसतेय असं वाटून काकूंना राहवलं नाही. मी तिथेच मिरच्या चिरत होते. काकू आल्या, कढईत डोकवायला गेल्या, पण ओटा त्यांच्या छातीला. काका सहा फुटांना दोन बोटं कमी, काकू पाच फुटांना. काकूंनी इकडेतिकडे पाहिलं, नटबोल्टचं एक लाकडी खोकं पायाने ओढलं आणि सहज त्यावर चढून आमटी ढवळायला लागल्या.

काकांना गंमत वाटली. "अगं, पडशील! घरात काय करतेस मग?"

"घरात पाट आहे की," काकू ढवळता ढवळता म्हणाल्या.

"कसला पाट?"

"ओट्यापुढचा. त्यावरच तर उभी असते मी."

काकांना नीट ऐकू आलं नाही असं मला वाटलं, म्हणून मी मोठ्याने सांगितलं. पण त्यांना ऐकू आलं होतं. "कधीपासून?" त्यांनी विचारलं. काकूंनी मान वर केली. हा काय प्रश्न, असा चेहरा. "घर बांधल्यापासून. सतरा वर्षं झाली ना आता?"

काकांनी गॅस बारीक केला, खिशातली टेप काढली आणि घरात गेले. मी मागोमाग गेले. ओट्यापुढे तो पाट होता. मीही तो रोज बघत होते, त्याला अडखळतसुद्धा होते, पण मला कधी काही वाटलं नव्हतं. काकांनी ओट्याची उंची मोजली. मग खाली बसून पाट उचलला. रंग सगळीकडे होता, फक्त दोन पावलांच्या जागी उडालेला, लाकूड झिजून गुळगुळीत झालेलं. त्या दोन जागांवरून ते बराच वेळ अंगठा फिरवत राहिले. हत्यार कुठे झिजलंय ते बघून ते कसं वापरलं हे सांगणारा माणूस. त्यांना आणखी काही सांगायची गरज नव्हती.

"गवंड्याने विचारलं होतं," ते म्हणाले. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांचा हळू आवाज ऐकला. "ओटा किती उंच घेऊ, म्हणून. मी म्हटलं, माझ्या कमरेला घे. इथे उभं कोण राहणार, हे मी विचारलंच नाही."

त्यांना वाईट वाटलं आणि मला त्यांच्याहून जास्त, कारण मी बाई असूनही ते पाहिलं नव्हतं.

परीक्षा पास झाली. तिकीट आलं. निघायच्या आदल्या दिवशी काकांनी काकूंना भिंतीला टेकून उभं केलं आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लावली. "तिकडे थंडी असते, कोटाचं माप लागेल," म्हणाले. काकू म्हणाल्या, "कोटाचं माप जमिनीपासून घेतात होय?" काकांना ऐकू आलं नाही, निदान त्यांनी तसं दाखवलं. स्टेशनवर मुंबईची गाडी हलायच्या आधी त्यांनी खिडकीशी जाऊन विचारलं, "पास का?" काकू म्हणाल्या, "वरण पास. भाताला रिवर्क." आणि रडायला लागल्या.

काकू सहा महिने तिकडे होत्या. मधल्या काळात काकांनी घरातला ओटा पाडला. सिमेंट, विटा, धूळ, गवंडी न सांगता गायब होणार, पंधरा दिवसांच्या कामाला दोन महिने. पण काकांचं काही अडलं नाही, कारण त्यांचा स्वयंपाक गॅरेजात चालू होता. गवंड्यालाही तिथूनच आमटीभात मिळायचा, आणि तो "रिवर्क" म्हणायला शिकला होता. फोनवर बोलायचं काम माझं, कारण काकांना फोनवरचं काहीच कळत नसे. ओट्याबद्दल एक शब्द काढायचा नाही, अशी मला तंबी होती. काकू दर वेळी एकच विचारायच्या, पोट कसं आहे? मी सांगायचे, उत्तम. ते खरंही होतं.

नववा महिना भरल्यावर एका सकाळी फोन आला. मी धावत गॅरेजमध्ये गेले आणि त्यांच्या कानाशी ओरडले, "मुलगी! दिवस भरून! दोघी छान!" काकांनी वजन विचारलं. मी सांगितलं. "पास," ते म्हणाले आणि पाठ फिरवून लेथकडे गेले. लेथ पुष्कळ वेळ फिरत होता. त्यावर काही काम लावलेलं नव्हतं.

काका जाऊन आता खूप वर्षं झाली. तो गॅरेजमधला ओटा शेवटपर्यंत चालू होता. काकूंचे गुडघे गेल्यावर एक वेळचा स्वयंपाक तिथूनच यायचा. लेथच्या वर खिळ्याला तो झिजलेला पाट टांगलेला असे. कोणी विचारलं तर काका सांगत, माझं रिजेक्ट झालेलं काम आहे. आम्ही पुढे स्वतःचा फ्लॅट घेतला तेव्हा ओट्याच्या उंचीवरून मी गवंड्याशी एवढी भांडले की नवरा शरमून गॅलरीत जाऊन उभा राहिला. मी म्हटलं, शरमू दे. इथे उभी मी राहणार आहे.

पण मला आठवते ती, काकू परत आल्या त्या दिवसाची सकाळ. स्टेशनवरून येऊन, पाय धुऊन, त्या सवयीने थेट स्वयंपाकघरात चहा टाकायला गेल्या. काका दारात उभे, मी त्यांच्या मागे. काकूंनी ओट्यापाशी जाऊन उजवा पाय उचलला, पाटावर ठेवायला. पाय थेट फरशीवर आला. त्या थबकल्या. खाली पाहिलं. मग दोन्ही हात ओट्यावर ठेवले, कोपरं मोकळी, खांदे खाली, आणि तशाच उभ्या राहिल्या. वळल्या नाहीत. चहा त्यांनीच केला, तिघांचा.

पुढे कितीतरी दिवस ओट्यापाशी गेलं की त्यांचा पाय आपोआप उचलला जायचा. एकदा काकांनी ते पाहिलं तेव्हा त्या ओशाळून म्हणाल्या, "सवय आहे हो. जाईल हळूहळू."

"सावकाश जाऊ दे," काका म्हणाले. "मला नुसतं दिसायलाच सतरा वर्षं लागली."