लॉगमधला मायनस एक

आमच्या नागपूरच्या ऑफिसात ती पोरगी कामठीहून शेअर ऑटोनं यायची आणि तरी सगळ्यांच्या आधी पोचायची. नोकरीचे पहिले सहा महिने कच्चे. सोमवारी पक्कं झाल्याचं पत्र मिळणार होतं. आणि शनिवारी सकाळी घोळ झाला.

आम्ही एका दवाखान्याचं टोकनचं सॉफ्टवेअर सांभाळतो. प्रत्येक डॉक्टरला दिवसाच्या टोकनांची मर्यादा. कोणाला चाळीस, कोणाला साठ. एक म्हातारे डॉक्टर मात्र येईल त्याला तपासणारे. त्यांच्या मर्यादेच्या जागी मी फार पूर्वी मायनस एक टाकून ठेवला होता. 'कितीही चालेल' म्हणायची आमच्या धंद्यातली ही जुनी खोड. ज्यानं लिहिलं त्यालाच कळते. शुक्रवारी मी 'उरलेली टोकनं' दाखवायची सोय जोडली आणि ह्या डॉक्टरांना त्यातून वगळायचंच विसरलो. उणे आकडा पाहून मशीननं सांगून टाकलं, टोकनं संपली! सावनेरहून पहाटे निघालेली माणसं दारातच ताटकळली.

साहेबांनी लॉग, म्हणजे मशीन स्वतःच लिहीत जाते ती नोंद, उघडली. मर्यादा: मायनस एक. त्या डॉक्टरांची वेळ आदल्या दिवशी तिनंच बदलली होती. झालं! "काहून वं, मायनस एक टाकते का कोणी? सोमवारचं पत्र विसर आता." मी बाजूलाच बसलो होतो. पाहताक्षणी कळलं होतं मला, पण मी आपल्या स्क्रीनमध्ये डोकं घालून बसलो. सांगायचीही लाज वाटते.

ती रडली नाही, भांडली नाही. आधी दवाखान्यात फोन करून कागदाच्या चिठ्ठ्या वाटायला लावल्या, लाईन हलवली. मग जुने लॉग काढून बसली. तासाभरानं कागद साहेबांपुढे ठेवले.

"सर, हा मायनस एक मी यायच्या आधीपासून आहे. तेव्हा टोकनं बरोबर निघून राहिली होती. 'उरलेली टोकनं' हे कालच आलं, अन् तिथंच अडलं. मायनस एक म्हणजे चूक नाही सर, मर्यादा नाही असं कोणीतरी लिहून ठेवलं आहे."

काय पोरगी आहे राव! आठ वर्षं मी लॉग नुसते चाळले, तिनं वाचले.

"कोणी लिहिलं?" साहेबांनी विचारलं. ती कागद सारखे करू लागली.

"मी," मी म्हणालो.

साहेब माझ्यावर जे तापले ते बरोबरच होतं. पत्र सोमवारीच मिळेल, हेही त्यांनी तिला तिथंच सांगितलं. दुपारी लॉगमध्ये आकड्याऐवजी सरळ 'मर्यादा नाही' असे शब्द यावेत म्हणून मी कोड बदलायला बसलो. ती तपासायला शेजारी.

"कोणी लिहिलं ते तुले माहीत नव्हतं ना?" मी विचारलं.

"होतं न दादा. कोडमध्ये बदल करणाऱ्याचं नाव दिसते. सकाळीच पाहिलं."

"मग साहेबांना सांगितलं काहून नाही?"

"तुम्ही बाजूलेच बसले होते," ती म्हणाली. "म्हटलं, सांगाल."