नैवेद्याआधीचे ताट

हे लिहायचे मी कितीतरी वर्षे टाळले. देवासला सगळे समजतात की उदयनगरचे अन्नछत्र मी उभारले. त्यासाठी मी सत्काराची शालही घेतली. खरे तर ते इंदूवहिनींनी उभारले, आणि तेही मी त्यांना आमच्या दत्तमंदिराच्या स्वयंपाकघरातून घालवल्यावर. उदयनगरच्या दवाखान्यातल्या आदिवासी रोग्यांसाठी त्या सकाळच्या बसने डबे पाठवत. बस सुटे नैवेद्याच्या आधी. "देव उपाशी असताना डबा हलणार नाही. पुन्हा चुलीला हात लावू नका," मी सर्वांदेखत बजावले. त्या गेल्या.

यंदा माघात मीच त्या बसमध्ये चढलो. माफी मागायची होती.

"भिया, दादाजी को खिड़की दो," कंडक्टर ओरडला. बागलीनंतर सागाचे जंगल लागले, अर्धे पानगळीचे. घाटात टायर बसला. पोहोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आले होते.

अन्नछत्राच्या अंगणभर पंगत. दत्ताच्या तसबिरीसमोर पाटावर एक बारेला (इकडची आदिवासी जमात) म्हातारा बसला होता, आजारी सुनेला डोंगरातून घेऊन आलेला. पहिले ताट त्याच्यापुढे.

"सगळ्यांत लांबून आला, त्याचा पहिला घास. हाच इथला नैवेद्य," वहिनी म्हणाल्या. पाठीला बाक आला होता, आवाज तोच. "भाऊजी, उभे काय? वरण घ्या हातात."

मी वाढू लागलो.

"वरण वाढताय की तीर्थ देताय?"

वाढणाऱ्या बायका खो खो हसल्या. मी पळी ठेवून ओगराळे उचलले. पानिये (पळसाच्या पानांत भाजलेल्या मक्याच्या भाकऱ्या), वरण, गूळ. एक पंगत उठे, दुसरी बसे. कोणी उपाशी परतले नाही. भिंतीला टेकून पडलेली ती सून उठून बसली, ताट निपटून म्हणाली, "बाई, और दे!" म्हाताऱ्याने दोन्ही हात उंचावून हाळी दिली, आणि सगळ्या अंगणाने ती उचलली. इतका आनंद मी देवळातल्या कुठल्याही उत्सवात पाहिला नव्हता.

परतीची बस हॉर्न देऊ लागली. पायरीवर पाय ठेवून मी वळलो. "वहिनी, त्या दिवशी मी..."

"दादाजी, चलो, गाड़ी छूट री है!"

वहिनींनी पानियांची गरम पुडी हातात कोंबली. "पुढल्या खेपेस लवकर या. नैवेद्याआधी."

देवासला येऊन मंदिराच्या सभेत सगळे खरे सांगितले. आता डबे पुन्हा सकाळच्या बसने जातात, नैवेद्याआधीच. वहिनी मात्र पुढल्या खेपेपर्यंत जगल्या नाहीत. 'माझे चुकले' एवढेच म्हणायचे होते. ते त्या बसच्या पायरीवरच राहिले.