दात सोडणारी चेन

मी मुळात तापट माणूस. मिठागरावर मुकादम होतो, आणि आवाज चढवल्याशिवाय कुणी फावडं उचलत नाही असं माझं ठाम मत होतं. पण त्या आश्विनात माझा आवाजच बसला. माझ्या मुलीला पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं. पोर सहा वर्षांची. पिंढरीत दात रुतले होते, आणि ते कुत्रं नंतर गावाबाहेर लाळ गाळत मरून पडलं.

पनवेलच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, पोटात चौदा इंजेक्शनं, रोज एक, मध्ये एकही दिवस चुकवायचा नाही. "आणि चुकला तर?" मी विचारलं. डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. त्या हाकेने माझी झोप उडाली. आमच्या गावाला तेव्हा एस.टी. येत नव्हती, आणि बैलगाडीने जावं तर दवाखाना बंद व्हायच्या आत पोचायची खात्री नाही. होती ती माझी सायकल. कॅरियरवर गोधडीची घडी, त्यावर पोर, माझा सदरा दोन्ही मुठींत धरून.

सल्ले द्यायला सगळं गाव तयार. एकाने सांगितलं, हे दुखणं उलटलं की माणूस पाण्याला भितो, पाणी दिसलं की किंचाळतो, आणि मग त्याचं काही खरं नाही. झालं! तेव्हापासून रोज सकाळी बायकोने पोरीसमोर पाण्याचा पेला धरायचा आणि मी दाराआडून बघायचं. पोर घटाघटा प्यायची. आम्ही दोघं श्वास सोडायचो आणि आपापल्या कामाला लागायचो.

मध्येच दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला घरातल्या हत्यारांची पूजा होते. कोयते, फावडी, सगळं धुऊनपुसून पाटावर मांडतात. त्या वर्षी बायकोने कोयत्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिची सारी भक्ती सायकलवर. हँडलला झेंडूची माळ, घंटीला हळदीकुंकू. मी म्हटलं, "काय गो, सायकल हाय ती, नवरी नाय."

"माजी पोर तिच्या जिवावर हाय," ती म्हणाली. "तुमी गप रावा."

मी सायकल धरून उभा राहिलो. तिने ओल्या हळदीकुंकवात अक्षता कालवल्या आणि चाकांना, पायडलांना, अगदी चेनीलासुद्धा बोटं भरभरून लावल्या. मग सायकलच्या पुढच्या चाकावर डोकं टेकलं आणि बराच वेळ उचललं नाही.

दुसऱ्याच दिवशी चेनीने दगा द्यायला सुरुवात केली. पायडल मारता मारता मध्येच खट् आवाज व्हायचा, चेन दात सोडायची, पाय रिकामा खाली जायचा. सायकल हिसका खायची आणि पोर माझ्या पाठीवर आपटायची. चढावर तर फारच. पनवेलच्या सायकलवाल्याला दाखवली तर म्हणाला, "ठेवून जा, उद्या बघू." उद्या! उद्या पोरीला काय पाठुंगळी मारून आणू? मी सायकल त्याच्या हातातून ओढून घेतली. म्हटलं, चेन सैल झाली असणार, त्यात काय एवढं, आपणच ताणू.

कोजागिरीच्या सकाळी पाना घेऊन बसलो. मागचं चाक ओढून चेन ताणली, तर चाक वाकडं बसलं. सोडलं, पुन्हा आवळलं. त्यात ऊन चांगलंच वर आलं. निघालो, आणि गावाची वेस ओलांडायच्या आत खट्! ताणल्याने दुखणं कमी व्हायचं सोडून वाढलंच होतं. आता रस्त्याने वळसा घेऊन बाराच्या आत पोचणं शक्य नव्हतं, आणि बाराला दवाखान्याचं दार लागायचं. मी सायकल खाडीच्या बांधाकडे वळवली. पौर्णिमेचं उधाण, भरती दुपारीच भरणार, आणि बांध मध्ये एका जागी खचलेला, तिथून पाणी पलीकडे जातं. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. माझा जन्म गेला होता खाडीकाठी. पण दुसरी वाटच नव्हती.

डावीकडे खाडी फुगत होती. उजवीकडे भाताची खाचरं, आणि दूर कर्नाळ्याचा सुळका. मी चेनीला शिव्या घालत पायडल मारत होतो. खट् झालं की सायकल पाण्याच्या बाजूला झुकायची, मी पाय टेकून सावरायचो. खचलेली जागा समोर दिसायला लागली, तिच्यावरून पाण्याची पहिली जीभ पलीकडे सरकत होती, आणि पोर मागून किंचाळली.

"बाबा, पानी! पानी नको! मना भ्या वाटतंय!"

तिने तोंड माझ्या पाठीत खुपसलं आणि ती थरथरायला लागली. मी करकचून ब्रेक दाबले. ही पोर चालायच्या आधी चिखलात लोळलेली. पाण्याला ती कधीच भ्यायली नव्हती. मी उतरलो. दुखणं उलटलं, एवढंच डोक्यात. पिशवीत पाण्याची बाटली होती. ती तिच्यासमोर धरली असती तर खरंखोटं तिथेच कळलं असतं. पण बाटली काढायची माझी छाती होईना. ती किंचाळली असती तर मी काय केलं असतं, त्या बांधावर, एकटा?

मग एवढंच सुचलं की आजचं इंजेक्शन चुकता कामा नये. पोरीला खांद्यावर घेऊन पाणी पार करता आलं असतं, पण पुढे पनवेलपर्यंत चालत बाराच्या आत पोचलो नसतो. सायकल हवीच. पोरीला बांधाच्या उंचवट्यावर बसवलं, सायकल उलटी केली, आणि पायडल हाताने उलटं फिरवायला लागलो, अगदी सावकाश. इतके दिवस मी चेनीवर नुसता चिडत होतो. तिच्याकडे नीट बघितलं ते त्या दिवशी.

एकेक कडी मागच्या दातांवर येत होती, वाकत होती, पुढे जात होती. आणि मग एक कडी आली ती वाकेचना. गुडघा आखडलेल्या म्हाताऱ्यासारखी ती दातावरून तशीच ताठ निघाली. पुन्हा फिरवलं. पुन्हा तीच. मी ती सदऱ्याने पुसली. कडीच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये हळदीकुंकू खाऱ्या वाऱ्याने वाळून दगड झालं होतं, आणि त्यात अडकला होता एक तांदूळ. दसऱ्याची अक्षता! बायकोला हे मी कधी सांगितलं नाही. ज्या हातांनी तिने ती लावली होती, त्या हातांना मी काय बोलणार?

पोरीच्या केसांतला आकडा मागितला. तिने हुंदके देत काढून दिला. त्याने तांदूळ उकरला, खपली खरवडली. कडी तरी आखडलेलीच. तिच्या दोन्ही बाजूंनी चेन धरून डावीउजवीकडे वाकवली. तेल हवं होतं. पोरीच्या आईने तिला चप्प तेल लावून वेण्या घातल्या होत्या. त्या वेण्या मी बोटांत धरून निपटल्या, आणि ते खोबरेल कडीला चोळलं. पुन्हा वाकवली. हळूहळू कडी सैल पडली. पायडल फिरवलं, तर खट् नाही, काही नाही. तोवर पाणी माझ्या घोट्याला लागलं होतं.

पोरीला पुढे दांडीवर घेतलं. "डोळे मीट, बाय," म्हटलं, आणि जीव खाऊन पायडल मारलं. पाणी चाकात फसफसत होतं, पण चेनीने दात सोडला नाही. पलीकडे चढलो तेव्हा मी रडत होतो. पोरीचे डोळे मिटलेले होते, ते बरंच झालं.

दवाखान्याचा कंपाउंडर दाराला हात घालतच होता. इंजेक्शन झालं. पोर रडली, रोज रडायची तशीच. मग टेबलावरून उतरून म्हणाली, "बाबा, पानी."

कंपाउंडरने माठातून पेला भरून दिला. माझी नजर जमिनीला. कानावर आला तो घटाघटा प्यायचा आवाज. संपवून तिने आणखी मागितलं. मी कसंबसं विचारलं, "मंग बांधावर पानी नको का म्हनलीस?"

"चेन सुटली तं आपन पान्यात पडलो असतो ना!"

हात्तिच्या मारी! एवढी साधी गोष्ट. राहिलेली इंजेक्शनं पुढे नीट पार पडली, पोरीला काही झालं नाही. पण त्या क्षणी मी बाकावर मटकन बसलो. कंपाउंडरने माझ्याही हातात पेला दिला. पाणी तोंडात घेतलं तर घशाखाली उतरेना, सगळं सदऱ्यावर सांडलं.

"अहो मुकादम, तुम्हालाही चावलं की काय?" कंपाउंडर हसून म्हणाला.

पोर मात्र हसली नाही. माझ्याकडे बघत ती उठली, दवाखान्याच्या दाराआड जाऊन उभी राहिली आणि तिथून डोकावून म्हणाली, "प्या, बाबा. तुमी रोज बगता ना, तशी मी हितून बगते."