थांबा मिस्त्रींची दोन बोटं

गॅरेजवाल्या मिस्त्रींना सगळे ‘थांबा मिस्त्री’ म्हणत. गाडी आत आली, की मालकाने तोंड उघडायच्या आत यांचं ‘थांबा’ ठरलेलं. लोक चेष्टा करत, पण ब्रेकचं काम मात्र त्यांच्याकडेच आणत. जुन्या गाडीत ब्रेकच्या तेलाची लोखंडी नळी आणि तिच्या टोकाचा नट गंजून एकजीव होतात. दांडगाई केली, तर नटाबरोबर नळीही पिळली जाते. म्हणून मिस्त्री नटाला दोन दिवस तेल पाजत, मग एका हाताने पाना धरत आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं नळीवर ठेवत. नळी केसभर फिरली, तरी बोटांना कळायचं. चाळीस वर्षांत एकही नळी पिळली नाही, हे ते भेटेल त्याला ऐकवत.

काम झालं, की नळीतली हवा काढायला त्यांची बायको, म्हणजे गल्लीच्या काकू, गाडीत ब्रेकच्या पेडलवर पाय ठेवून बसायच्या. मिस्त्री चाकापाशी आडवे होऊन ओरडायचे, “दाब. धर. सोड.” संसारात त्यांचं एकमेकांशी एवढं एकमत दुसऱ्या कशावर झालं नसेल.

गेल्या सहा महिन्यांत साखरेच्या आजाराने मिस्त्रींची बोटं बधिर झाली होती. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. चहाचा वाफाळता कप ते खुशाल मुठीत धरून बसत.

त्या दिवशी मास्तरांच्या गाडीचं काम होतं; नटांना दोन दिवस तेल पाजून झालं होतं. मास्तर रोज दोन मुलींना घेऊन टेकडीचा उतार उतरत. पुढच्या दोन्ही चाकांचे, लोखंडी नळीला नटाने जोडलेले रबरी पाइप बदलायचे होते. मिस्त्रींनी उजव्या चाकाचा नट सोडवला. पाना सहज फिरला. नवा पाइप बसवला, हवा काढली.

“अहो, पाय खाली जातोय,” गाडीतून काकू म्हणाल्या.

“हवा राहिली असेल.”

पुन्हा हवा काढली.

“अजून जातोय. हळूहळू जातोय.”

“आता तू मला शिकवणार का? उतर खाली!”

काकू उतरल्या नाहीत. पाय तसाच दाबून बसल्या. दारापाशी मास्तर घड्याळ बघत होते. “मिस्त्री, संध्याकाळी मिळेल ना?”

मिळेल, असं म्हणून मोकळं व्हायचं मिस्त्रींच्या अगदी ओठांवर आलं. डावं चाक उरकायचं आणि किल्ली द्यायची, एवढंच होतं. पण गाडीत ती बाई पेडलवरचा पाय न काढता बसून होती. मिस्त्रींनी विजेरी घेतली आणि पुन्हा चाकाखाली शिरले.

नळीला नटाच्या वर पीळ पडला होता. पिळावर एक थेंब जमला, गळला, आणि दुसरा जमू लागला. नट सहज फिरला नव्हताच. त्याच्याबरोबर नळी फिरली होती, आणि तिच्यावर ठेवलेल्या बोटांना काही कळलं नव्हतं. मिस्त्री तिथेच पडून राहिले. मास्तरांच्या त्या दोन मुली आणि टेकडीचा उतार त्यांच्या डोळ्यांसमोर आला.

बाहेर येऊन ते म्हणाले, “मास्तर, आज गाडी मिळणार नाही. नळी मी पिळली. माझी बोटं गेलीत.”

 मास्तर मान हलवून पायीच घरी गेले.

“तुला कधी कळलं?” मिस्त्रींनी काकूंना विचारलं.

“तुम्ही उकळत्या चहाचा कप मुठीत धरायला लागलात, तेव्हाच,” काकू म्हणाल्या. “म्हटलं, आज सांगतील, उद्या सांगतील.”

दुसऱ्या दिवशी उजव्या बाजूला अख्खी नवी नळी बसवली. या वेळी काकूंचा पाय खाली गेला नाही. आता डाव्या चाकाचा नट राहिला होता. मिस्त्री पाना लावून नुसतेच बसले. काकूंनी पदर खोचला, त्यांच्या शेजारी फरशीवर बसल्या आणि आपली दोन बोटं नळीवर ठेवली.

मिस्त्रींनी पान्यावर जोर दिला.

“नळी फिरतेय का गं?”

“फिरतेय. थांबा.”

मिस्त्री थांबले.