आपल्याच आदेशाविरुद्ध

प्रभाकर गजभिये साहेबांची आणि माझी पहिली भेट प्रसन्न वगैरे झाली नाही. मोटार वाहन खात्यात सुनावणी अधिकारी म्हणून ते आमच्या कार्यालयात रुजू झाले, त्या दिवशी मी, म्हणजे त्यांची लघुलेखिका, दहा मिनिटं उशिरा पोहोचले. "रस्त्यात गर्दी होती," मी म्हणाले. "गर्दी रोजच असते, आपटेबाई. आपणही रोज येणार आहात ना?" एवढं बोलून त्यांनी फाइल उघडली. भंडाऱ्याकडच्या माणसाने पहिल्याच दिवशी मला पुणेरी ऐकवावं, याचा मला भयंकर राग आला.

ते दिवस असे होते की शहराच्या कडेने संगणक कंपन्या उभ्या राहत होत्या आणि त्यांच्या नोकरदारांची ने-आण करणाऱ्या ठेकेदारांच्या बस वाढत होत्या. अपघातही वाढले. तक्रार आलेल्या चालकाचं म्हणणं ऐकून त्याचं लायसन ठेवायचं की रद्द करायचं, हे साहेब ठरवत. समोरच्याची भाकरी त्या एका सहीवर असे, आणि सही करताना साहेबांचा चेहरा ओढलेला असे. मनाने मात्र मऊ. माझ्या सासूबाई दवाखान्यात होत्या तेव्हा आठवडाभर त्यांनी सगळे आदेश स्वतः लिहिले. "माझं अक्षर लावायची शिक्षा आपण परत आल्यावर भोगा," असा निरोप पाठवला.

पण मला सांगायचं आहे ते बाळू गव्हाणेच्या प्रकरणाबद्दल. बाळू वाघोलीचा, एका ठेकेदाराच्या बसवर चालक. बसने सायकलस्वाराला उडवलं, अशी तक्रार होती. सुनावणीला ठेकेदार त्याच्या पाठीशी उभा राहिला. साहेब विचारत गेले, बाळू खाली मान घालून "होय साहेब" म्हणत गेला आणि मी लिहीत गेले. बाहेर रांग मोठी होती. कबुलीच मिळाल्यावर वेळ कशाला घालवायचा? लायसन रद्द झालं.

अशा आदेशावर तीस दिवसांत वरच्या कार्यालयात अपील करता येतं. मुदत संपायच्या दिवशी फाइल बंद करण्याआधी ती पुन्हा वाचायची, ही साहेबांची शिस्त. तिसाव्या दिवशी बारा वाजता त्यांनी मला आत बोलावलं. "हे वाचा. मोठ्याने."

मी वाचलं. अपघातानंतर न थांबता आपण गाडी पुढे नेलीत का? होय साहेब. जखमीला रिक्षात घालून आपणच दवाखान्यात नेलंत का? होय साहेब.

"गाडी घेऊन पळणारा माणूस मागे राहून जखमीला रिक्षात कसा घालेल?" साहेब म्हणाले. "गाडीत दोघं होते, बाई. मी मागे थांबलेल्याचं लायसन काढून घेतलं."

स्वतःचा आदेश फिरवण्याचा अधिकार त्यांना नव्हता. अपील बाळूनेच करायला हवं होतं, वरचं कार्यालय पावणेसहाला बंद होणार होतं आणि बाळूकडे फोन नव्हता. "अधिकाऱ्यानेच अपील करायला सांगणं नियमात बसतं का, साहेब?" मी विचारलं.

"सांगू नये असं कुठे लिहिलं असेल तर दाखवा. तोवर स्कूटर काढा."

अर्ध्या दिवसाची रजा टाकून आम्ही निघालो. मागच्या सीटवरही हेल्मेट घालणारा माणूस पुण्यात मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. वाघोलीत बाळूची बायको दारातूनच म्हणाली, "ते मांजरीला हायेत, ऊस तोडाया. लायसन गेल्यावर ठेकेदारानं काढूनच टाकलं की." मांजरी गावात शेतामागून शेत पालथं घातलं. चार वाजून गेल्यावर तो सापडला. साहेबांना पाहून त्याच्या हातातला कोयता गळून पडला.

"गाडी आपण चालवत होता?"

"होय साहेब."

"ठेकेदार इथे नाही. मीही खुर्चीत नाही. पुन्हा विचारतो."

बाळूने पडलेला कोयता उचलला. मी घड्याळाकडे पाहत होते, साहेब त्याच्याकडे. त्यांनी घाई केली नाही. अखेर तो म्हणाला, "न्हाय साहेब. मालकाचा भाचा चालवत हुता. त्याच्याकडं लायसनच न्हाय. नाव घेतलं तर काम जाईल, म्हनले हुते."

"आणि काम?"

"गेलंच की."

मी बांधावर बसून अर्ज लिहिला, बाळूने सही केली. साहेबांनी सोबत टिपण जोडलं: उत्तरं एकमेकांशी जुळत नसताना मी ती कबुली मानली, चूक माझी आहे. ती उत्तरं माझ्याही हाताखालून गेली होती, पण माझं नाव त्यांनी कुठेही येऊ दिलं नाही. मी स्कूटर सुरू करून म्हणाले, "बसा दोघंही, वेळ नाही." साहेबांनी हेल्मेट काढून बाळूच्या डोक्यावर ठेवलं. "तिघांनी बसायचं नाही. मी बसने येतो." त्या क्षणी मला त्यांच्या पाया पडावं की त्यांना ओरडावं, कळेना.

पाच चाळीसला आम्ही खिडकीशी पोहोचलो. कारकून कुलूप हातात घेऊन उभे होते. "एकोणतीस दिवस काय झोपला होतात?" मी टिपण पुढे केलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि अर्जावर शिक्का मारला.

अपील मंजूर झालं. साहेबांना लेखी समज मिळाली आणि त्या वर्षीची बढती हुकली. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. मीच चिडून ज्याला त्याला सांगत सुटले. बाळू लायसन घ्यायला आला तेव्हा साहेब उठून उभे राहिले. "गव्हाणे, माझ्या सहीमुळे आपल्यावर हे ओढवलं. मला माफ करा." सरकारी टेबलाच्या त्या बाजूने हा शब्द मी त्याआधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. बाळू उभ्या जागी रडायला लागला.

परवा साहेबांच्या पंचाहत्तरीच्या समारंभाबद्दल बोलायला मी विश्रांतवाडीला त्यांच्या घरी गेले होते. ते ऐकून घेत होते, पण लक्ष भलतीकडेच. मध्येच म्हणाले, "बाळू सापडला, बाई. त्याच्या आधीचे किती असतील, जे मी शोधायला गेलोच नाही?"

साहेब, आपल्या समारंभासाठी हे लिहिताना सांगते, ते ओझं आपलं एकट्याचं नाही. त्या सगळ्या सुनावण्या लिहिणारा हात माझाच होता, तेव्हा त्या ओझ्याचा निम्मा वाटा माझा आहे. आपण निरोगी राहा, पुष्कळ वर्षं राहा. मला ते एकटीला पेलणार नाही.